ट्रॅक्टरवरचा पिंजरा

होळी होऊन गेली, कापसाची शेवटची वेचणी झाली, पऱ्हाट्या उपटून धुऱ्यावर रचल्या गेल्या, की आमच्याकडे उन्हाळवाही सुरू होते. म्हणजे रिकामं झालेलं वावर भर उन्हात नांगरायचं आणि तापायला सोडून द्यायचं. यवतमाळात मी राहते त्या घराच्या मागे अजून दोन-तीन वावरांत प्लॉट पडायचे राहिले आहेत. तिथं सकाळी सहालाच ट्रॅक्टर घरघरायला लागतो आणि इकडे चहा गाळता गाळता माझं डोकं फिरतं. ऊन तापायचं असतं अजून. कुणाला पावसाळ्यात दमा उचल खातो, कुणाला थंडीत सांधे धरतात. मला एप्रिलमध्ये राग येतो. ऑफिसातल्या बायका म्हणतात, मॅडमला या दिवसांत काही विचारू नका. बरोबर म्हणतात.

हाच ऋतू मला एके काळी फार आवडायचा, हे आता कुणाला सांगूनही पटणार नाही. आमचं गाव दिग्रसहून बसने अर्ध्या तासावर. परीक्षा आटोपलेल्या असायच्या. नांगराच्या मागे उलटत जाणाऱ्या काळ्या मातीवर बगळे उतरायचे आणि त्यांच्या मागे आम्ही. ढेकळावरून ढेकळावर उड्या मारत जायचं, कारण मधे पाय पडला की तळवा भाजायचा. खिशात मीठ, हातात कैरी, आणि डिझेलचा तो कडवट वास. तो मला अजून कुठेही आला की आधी कैरीची चव जिभेवर येते आणि मग बाकीचं सगळं आठवतं. आम्ही म्हणजे मी, माझा धाकटा भाऊ दिनेश आणि मोठ्या मायचा प्रमोद. मोठी माय म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. प्रमोद तिचा एकुलता एक. तो पोरगा बोलायला लागायच्या आधी ट्रॅक्टरचा आवाज काढायला शिकला होता.

पाच वर्षांपूर्वी, अशाच एप्रिलात, सकाळी साडेनऊच्या सुमारास, प्रमोद ट्रॅक्टरखाली मेला.

उतारीचं वावर म्हणतात त्याला. वर टेकडी, खाली नाला. नाला आधी उथळ होता, बैलबंडी सहज उतरायची. मग मशीन लावून तो खोल केला. पाणी मुरलं, विहिरी भरल्या, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण काठ उभे कापून तसेच सोडले, सुरीनं वडी कापावी तसे. त्या काठाशी नांगर वळवताना मागचं चाक घसरलं आणि ट्रॅक्टर त्याच्यासकट उलटा झाला. ट्रॅक्टर उलटला की बसलेल्या माणसासाठी स्टिअरिंग आणि जमीन यांच्यात काही जागाच उरत नाही. एवढंच झालं. दारू नव्हती, वेग नव्हता, डुलकी नव्हती. नेहमीसारखं वळवताना मेला.

तेरवीला गाव जमला. वरणभात, बुंदी, पत्रावळी. आणि प्रत्येक ओळीतून एकच वाक्य: "वेळच आलती त्याची." आमच्या शेजारच्या वावराचे वसंतकाका, गावात शहाणे म्हणून गणले जातात, ते मला समजावत होते, "मंदा, तू शिकेल पोरगी हायस. पन घडी भरली का मानूस घरात बसून बी जाते." मी हातातलं वरणाचं भांडं खाली ठेवलं. म्हटलं, "काका, घरात बसून ट्रॅक्टर अंगावर कसा पडते, ते सांगा मले." माझ्या मायनं दंडाला चिमटा काढला. मोठी माय भिंतीला टेकून बसली होती. तिनं वर पाहिलं नाही.

सगळ्यात जास्त राग मला त्यानंतरच्या गोष्टीचा आला. ट्रॅक्टर क्रेननं वर काढला, दिग्रसला नेला, वाकलेलं स्टिअरिंग बदललं, बॉनेट ठोकून सरळ केलं, लाल रंग मारला. परत आला तेव्हा त्याला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, आणि महिन्याच्या आत तो त्याच वावरात होता. दोन्ही घरचं शेत एकत्र, ट्रॅक्टर एकच. आता त्यावर दिनेश बसायचा. तोच ट्रॅक्टर, तोच काठ, फक्त माणूस बदलला. मी म्हणायचे, त्या काठाशी जाऊ नको. तो म्हणायचा, "ताई, तीन तास का पडीत ठेवू?" आमच्याकडे तास म्हणजे नांगराची एक ओळ. तीन ओळी जमीन सोडायची नाही म्हणून तो रोज तिथपर्यंत जायचा.

आमच्या भागातले ट्रॅक्टर एकदा नीट पाहा. पुढे लिंबू-मिरची, काचेच्या मण्यांची माळ, बॉनेटवर देवी, मडगार्डवर पोरांची नावं. छोट्या खुर्चीच्या दोन्ही बाजूंना स्पीकर, एवढे मोठे की शेजारच्या गावाला नांगरणी कळावी. रंगीत दिवे. उन्हासाठी ताडपत्रीची छत्री, तिला झालर. मोराचं पीससुद्धा पाहिलं मी एकावर. माणसाच्या डोक्यात जेवढं म्हणून येऊ शकतं तेवढं सगळं त्याच्यावर चढवलेलं असतं. माणूस वाचेल असा एक पाईप तेवढा नसतो. विकणाऱ्यानं विचारलं नाही, घेणाऱ्यानं मागितला नाही.

मी यवतमाळच्या एका इंजिनीअरिंग कॉलेजात वर्कशॉपचं स्टोअर सांभाळते. नटबोल्ट, वेल्डिंगचे रॉड, पत्रे, पाईप हे सगळं माझ्या कपाटांतून आणि रॅकमधून जातं. पोरं दरवर्षी स्पर्धेसाठी एक छोटी उघडी गाडी बनवतात, खडकाळ रस्त्यावर पळवायची. त्या गाडीला चहूबाजूंनी पाईपचा सांगाडा असतो. प्रमोद गेल्यानंतर दोन वर्षांनी, फेब्रुवारीत, कॉलेजच्या मागच्या मैदानावर त्यांची चाचणी चालली होती. मी पाण्याची बाटली भरायला बाहेर आले आणि माझ्यासमोर ती गाडी मुरमाच्या ढिगावर चढून दोन कोलांट्या खाऊन पालथी पडली. माझ्या हातातून बाटली सुटली. धूळ खाली बसली तेव्हा आतला पोरगा पट्ट्याला उलटा लटकलेला होता आणि खदाखदा हसत होता. बाकीची पोरं मोबाईलवर त्याचा व्हिडिओ काढत होती. त्यांनी गाडी सरळ केली, तो उतरला, पॅन्ट झटकली आणि समोसा खायला गेला.

मी स्टोअरमध्ये येऊन दार लावून घेतलं. रडू आलं असं वाटेल तुम्हाला. तसं झालं नाही, मी टेबलावर मूठ आपटली आणि ती दोन दिवस दुखली. खेळणाऱ्या पोराला पिंजरा आहे. भाकरीसाठी नांगरणाऱ्याला नाही.

त्याच आठवड्यात मी आमच्या विभागप्रमुखांकडे गेले. वर्कशॉपमध्ये पाईप वाकवायचं हायड्रॉलिक मशीन आहे, वर्षातले दहा महिने त्यावर कापड घातलेलं असतं. म्हटलं, सर, एका रविवारी वापरू द्या, माझ्या भावाच्या ट्रॅक्टरला चौकट करायची आहे. सर फार सज्जन माणूस. त्यांनी मला खुर्ची दिली, चहा दिला आणि संस्थेची मालमत्ता खासगी कामाला देता येत नाही हे इतक्या गोडीनं सांगितलं की बाहेर आल्यावरच कळलं आपल्याला हाकललं आहे.

मग मी दिग्रसला रऊफभाईंकडे गेले. जिनिंगच्या रस्त्याला त्यांचं वेल्डिंगचं दुकान, पत्र्याच्या खाली. गेट, ग्रील, ट्रॉलीचे फाळके असली कामं. साठीचा माणूस, एका डोळ्याच्या कडेला ठिणगीनं भाजल्याची जुनी खूण. मी कागदावर काढून दाखवलं: खुर्चीच्या मागे, मागच्या अ‍ॅक्सलवर बोल्टनं पक्का बसवलेला उलटा यू, त्याला पुढून दोन तिरपे टेके, आणि खुर्चीला कमरेचा पट्टा. त्यांनी चष्मा वर करून कागद पाहिला. "ताई, चाळीस साल झाले या धंद्यात. घराले गेट लावलं, गुरांच्या गोठ्याले जाळी लावली. मानसाले जाळी लावाले तुमीच पयल्या आल्या." मग म्हणाले, "करू. वेल्डिंग कमी, वाकवनं जास्त. जोड कमी असला का चीज पक्की."

आणि इथं आम्ही एक चूक केली. ती आमच्याच मुलखात होऊ शकते.

आमच्याकडे दर दुसऱ्या घराच्या गोठ्याला टेकून बोअरचे जुने पाईप उभे असतात. बोअर आटली की आत सोडलेले लोखंडी पाईप बाहेर काढतात आणि ते कशाकशाला लागतात: मांडवाचे खांब, वेलांचे ताटवे, फाटकाची आडवी दांडी. फेकत कुणी नाही. दिनेशनं तसले सहा पाईप ट्रॉलीत घातले आणि दुकानात आणून टाकले. "घरचाच माल हाय ताई. कायले नवा घ्या?" त्यातला पहिला पाईप रऊफभाईंनी जमिनीवर आपटून पाहिला. बाहेरून झकास. पांढरा, गुळगुळीत, जड. मी स्वतः बोट फिरवून पाहिलं. पंधरा वर्षं स्टोअर सांभाळणारी बाई, पोरांनी आणलेला पाईप आतून-बाहेरून मोजल्याशिवाय घेत नाही, ती बोट फिरवून "चालेल" म्हणाली.

त्या एप्रिलमध्ये मी आठ दिवस रजा टाकून गावी राहिले. सकाळी सहाला काम सुरू करायचो आणि नऊला थांबायचो, कारण मग लोखंडाला हात लावता यायचा नाही. पाईप वाकवायची रऊफभाईंची पद्धत त्यांच्या वडिलांपासूनची. आधी पत्र्यावर रेती भाजून अगदी कोरडी करायची, ओल राहिली तर तापल्यावर वाफ होऊन बूच उडतं. ती रेती पाईपमध्ये भरायची आणि भरता भरता बाहेरून हातोडीनं ठोकत राहायचं. रिकामा पाईप टणटणतो. भरत गेला की आवाज बसत जातो. शेवटी दगडावर मारल्यासारखा ठस्स वाजला की दोन्ही तोंडांना लाकडी बूच मारायचं. मग कोळशाच्या भट्टीत तेवढाच भाग लाल करायचा आणि जमिनीत गाडलेल्या ट्रकच्या रिमभोवती हळूहळू वळवत न्यायचा. आतली रेती पाईपला चेपू देत नाही. मी घाईनं ओढायला गेले तर रऊफभाई ओरडले, "झटका नको, ताई! त्याले पसंद पडू द्या जरा." पाईपवरचा जस्ताचा पांढरा मुलामा जळायचा आणि दाट पांढरा धूर निघायचा. त्यानं संध्याकाळी कणकण यायची. तोंडाला दुपट्टा बांधून मी गूळ चघळत उभी राहायचे, कारण रऊफभाईंच्या मते या धुरावर गुळाशिवाय औषध नाही.

इतकं सुंदर वळण आलं होतं त्या पाईपला. मला त्या दिवसांत राग आठवतसुद्धा नव्हता.

गार झाल्यावर बूच काढून रेती ओतली. आत घातली तेव्हा पिवळट होती, बाहेर आली ती लाल, आणि तिच्यात पातळ पातळ खपल्या. रऊफभाई म्हणाले, "थोडा जंग निंगाला." मी म्हटलं, "बरंच झालं, साफ झाला." दिनेशनं ती रेती पायानं सारून दिली. तिघांच्याही डोळ्यांसमोर ती लाल रेती पडली होती आणि तिघांपैकी एकालाही पाईप कापून आत बघायचं सुचलं नाही. यावर मी अजूनही रात्रंदिवस स्वतःशी भांडू शकते.

पिंजरा बसला, हिरवा रंग दिला, आणि दिनेश त्याच्याखाली महिनाभर नांगरत राहिला. बरं, आता पिंजरा आहे म्हणून तो आणखी धीट झाला. पूर्वी काठापासून तीन हातांवर वळवायचा, आता दोन हातांवर वळवू लागला. हे वैशालीनं, त्याच्या बायकोनं, मला फोनवर कौतुकानं सांगितलं होतं. मीही कौतुकानं ऐकलं होतं.

मेमध्ये त्याच्या साळ्याचं लग्न निघालं. वरातीत ट्रॅक्टर न्यायचा म्हणून दिनेशला पिंजऱ्यावर स्पीकर बसवायला लोखंडी अँगल हवे होते. मी शनिवारी गावी आले होते, मीही दुकानात गेले. रऊफभाईंनी रॉड टेकवला मात्र, पाईपला भोक पडलं. बाजूला टेकवला, तिथंही. त्यांनी मुखवटा वर केला. कटर घेतला आणि वळणाच्या जागी पाईप उभा चिरला. आत गंजाचे पापुद्रे आणि त्यांच्या खाली लोखंड म्हणून जे काही उरलं होतं ते उडदाच्या पापडाएवढं पातळ. वर्षानुवर्षं पाण्यात उभा राहून तो आतून खलास झाला होता.

"माही गलती हाय, ताई," रऊफभाई खाली बसत म्हणाले. "रेती पाह्यली ना मी. लाल रेती पाह्यली."

मी घण उचलला. तिसऱ्या घावात उलटा यू चपटा झाला. पाच किलोचा घण, माझ्यासारखी बाई, आणि तीन घाव. ट्रॅक्टर किती किलोचा असतो? मी माझ्या भावाला महिनाभर रंगवलेल्या पापडाखाली बसवून काठावर पाठवलं होतं. दिनेश स्पीकर हातात धरून उभा होता. "जाऊ दे ना ताई, काही झालं तं नाई ना," म्हणाला. मी त्याच्यावर इतकी ओरडले की रस्त्यापलीकडच्या टपरीवरचे लोक उठून आले. काही झालं नाही! या एका वाक्यावर आमचा सगळा मुलूख उभा आहे.

नवा पाईप मी यवतमाळहून आणला, जाड, अखंड, बिनजोडाचा. या वेळी कटरनं दोन्ही टोकं कापून आत बघितलं, मोजलं, टॉर्च मारून पाहिलं, रऊफभाई हसेपर्यंत पाहिलं. पहिलं वळण वायाच गेलं, रेती नीट ठासली नव्हती आणि पाईप आतल्या बाजूला चेपला. दिनेश म्हणाला, चालते. मी म्हटलं, नाही चालत. दुसरा पाईप चढवला. मेच्या शेवटच्या त्या तीन सकाळी मला तास-तासानं आठवतात: भट्टीची धग खालून, सूर्याची वरून, कोपरापर्यंत कोळसा, हातोडीचा बसत जाणारा आवाज, आणि रिमभोवती एकेक बोट पुढे सरकणारं लाल लोखंड. मी रागानंच काम केलं ते. रागानं काम नीट होतं, हे मला तिथं कळलं, फक्त झटका द्यायचा नाही.

गावानं काय केलं? गाव हसलं. "सर्कशीतला वाघ आला" म्हणून पोरं ट्रॅक्टरमागे धावायची. पट्टा लावायला दिनेश तयार नव्हता. "दावणीले बांधल्यावानी वाटते वं ताई." पिंजऱ्यामुळे ट्रॅक्टर गोठ्याच्या टिनाखाली जाईना. तर पिंजरा वीतभर काप, असं मायनंच सुचवलं. म्हणजे डोक्याच्या खाली येईल इतका. शेवटी मी मिस्त्री लावून टिन वर उचललं. पट्ट्याचं मात्र मी वैशालीला सांगून ठेवलं: पट्टा लावल्याशिवाय डबा द्यायचा नाही. ती पोरगी माझ्याहून कडक निघाली.

हे सगळं मी आज लिहिते आहे, कारण गेल्या मंगळवारी ट्रॅक्टर उलटला.

वैशालीचा फोन आला तेव्हा मी स्टोअरमध्ये होते. ती एवढंच म्हणाली, "ताई, उतारीच्या वावरात." पुढचं मला ऐकूच आलं नाही. दिग्रसची एसटी, मग एका ओळखीच्याची दुचाकी. वाटेत मी देवाचं नाव घेतलं नाही, पाईपचं माप घेत होते. किती जाड होता, किती बोल्ट होते, आवळले होते का. पांदणीच्या रस्त्यानं पोचले तर दिनेश बाभळीखाली बसलेला, गळ्यात दुपट्ट्याची झोळी करून हात अडकवलेला. गळपट्टीचं हाड मोडलं होतं, कपाळाला खोक. बाकी धडधाकट. दवाखान्यात न्यायला गाडी येत होती. ट्रॅक्टर नाल्याच्या काठावर एका अंगावर पडलेला होता, पूर्ण पालथा न होता. पिंजऱ्याचा वरचा कोपरा जमिनीत हातभर रुतला होता, एक टेका वाकला होता, आणि त्याच्या आत खुर्चीएवढी जागा शाबूत होती.

आणि लोक काय म्हणत होते माहीत आहे? "नशीब जबरदस्त हाय पोट्ट्याचं." "माउलीनं हात देल्ला." मायनं तिथंच नारळ मागवला होता. एकाही माणसानं त्या पाईपकडे बघितलं नाही. मेला तर नशीब, वाचला तरी नशीब. मग आम्ही काय भट्टीशी शेकायला बसलो होतो का? वसंतकाकांनी तर कमाल केली. हात मागे बांधून ट्रॅक्टरभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "मी म्हनतो, या पिंजऱ्याच्या वजनानंच उलटला असन. वरून जड झाला ना. आता अपशकुनी बी झाला. काढून टाका, भंगारात द्या." आणि मायनं मान डोलावली. माझ्या सख्ख्या आईनं.

मी काकांना काय काय बोलले ते इथं लिहिणार नाही. दिनेश मधे पडला. चेहरा पांढरा पडला होता त्याचा, पण बोलला. "काका, मी आत होतो. मले मालूम हाय काय झालं ते. डोक्यावर आलाच होता ट्रॅक्टर. पाईपनं अडवला." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "टेका वाकला ताई. रऊफभाईले सांग, दुसरा करू." तीन वर्षांत तो पहिल्यांदा त्या पाईपबद्दल सरळ बोलला.

तेवढ्यात गर्दी जराशी फाकली. मोठी माय येत होती. पाच वर्षांत ती या वावरात आली नव्हती, तिच्यासाठी इकडचा रस्ताच बंद झाला होता. हातात काठी, पदर घामानं चिकटलेला. ती दिनेशपाशी थांबली, त्याच्या तोंडावरून हात फिरवला, आणि सरळ ट्रॅक्टरकडे गेली. वाकली. पिंजऱ्याच्या वळणावर हात ठेवला आणि तो हात वळणावरून खाली नेला, पुन्हा वर आणला. मग आतल्या रिकाम्या जागेत हात घालून पाहिला.

"मंदा," तिनं मला हाक मारली. "हे तवा असतं, तं माहा परमोद जगला असता का वं?"

माय घाईनं म्हणाली, "जाऊ द्या ना बाई, ते कायले आता..."

"तुले नाई इच्यारलं," मोठी माय म्हणाली. "मंदा, खरं सांग. मले फसवू नको."

मी पाच वर्षं गावाला हेच सांगत होते. ओरडून सांगत होते, तेरवीच्या पंगतीत सांगत होते. आणि आता ते तिच्या तोंडावर सांगायचं होतं.

"हो, मोठी माय. हात मोडला असता. पन जगला असता."

तिनं एक हात पाईपवर तसाच ठेवला. मग म्हणाली, "मंग पाच वर्सं देवाले रोज शिव्या देल्ल्या मी. सकाळी उठून पयली शिवी त्याले. त्या साऱ्या फुकटच गेल्या." माझ्याकडे पाहिलं. "आता कोनाले देऊ? नाव सांग."

नावं माझ्याकडे होती. ट्रॅक्टर विकणारे, काठ उभा कापून निघून गेलेले, तीन तासांसाठी हट्ट धरणारे, वेळ आलती म्हणणारे. पाच वर्षं मी ती यादी घोकत होते. पण त्या बाईच्या डोळ्यांसमोर उभं राहिल्यावर मला दिसला तो माझा रॅक. प्रमोद गेला त्याच्या कितीतरी आधीपासून कॉलेजची पोरं ती गाडी बनवत होती. तिच्या पिंजऱ्याचे पाईप दरवर्षी माझ्या हातानं मी त्यांना काढून देत होते. कशासाठी लागतात, तेही मला ठाऊक होतं. आणि सुट्टीत गावी आले की त्याच प्रमोदच्या ट्रॅक्टरवर, मडगार्डवर बसून, वावरात चक्कर मारत होते.

"मले दे, मोठी माय," मी म्हटलं. "मले मालूम होतं. तवाबी मालूम होतं. मी सांगतलं नाई."

मग तिनं शिवी दिली. सगळ्या गावासमोर, मोठ्यानं, घसा फाटेस्तोवर. दम घेतला आणि दुसरी दिली. वसंतकाकांनी मान खाली घातली. माय मधे यायला निघाली, तिला मी हातानं अडवलं.